शेंडेफळाची पदवी

चैत्र सरत आला आणि आखाजी तोंडावर आली, म्हणजे आपल्या खानदेशातल्या घरांत दोन कामे बरोबरच चालू असतात. गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत असतात आणि खाली पंख्याखाली कोणीतरी परीक्षेचा अभ्यास करीत असते. आमच्या घरी यंदा यांपैकी दुसरे काम शेवटचे आहे. माझ्या तीन अपत्यांतली धाकटी मुलगी, म्हणजे घरातले शेंडेफळ, पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसते आहे. थोरला मुलगा पुण्याला असतो, मधला सुरतेला. धाकटीचा शेवटचा पेपर झाला, की आमच्या घरात कोणी शिकत आहे असे म्हणण्याची सोय उरणार नाही.

शेंडेफळ हा शब्द मोठा समर्पक आहे. शेंड्यावरचे फळ सर्वांच्या शेवटी हाती येते, आणि ते उतरवले की झाड मोकळे होते. शब्द मुलाला उद्देशून असला, तरी त्यात झाडाचीही गोष्ट आली आहे. आज मला झाडाच्या बाजूने थोडे बोलायचे आहे. पदवीविषयी मुलांच्या बाजूने पुष्कळ बोलले जाते. पुढे काय करावे, नोकरी कोठे शोधावी, कोणती प्रवेशपरीक्षा द्यावी, यांवर व्याख्याने होतात. परंतु शेवटच्या अपत्याला पदवी मिळते तेव्हा आईबापांचे नेमके काय संपते, काय उरते, आणि त्या वेळी त्यांनी कसे वागावे, हा प्रश्न सहसा कोणी मांडत नाही. तो माझ्या एकट्याच्या घरचा असता तर मी तो व्यासपीठावर आणला नसता. समोर बसलेल्या मंडळींत माझ्या वयाचे चेहरे पुष्कळ दिसतात, म्हणून धीर केला.

प्रथम शब्दांचा विचार करू. पदवीधराला आपण जुन्या भाषेत स्नातक म्हणतो. स्नातक म्हणजे ज्याने स्नान केले आहे तो. गुरूच्या घरचे अध्ययन पुरे झाले, की शिष्य विधिपूर्वक स्नान करी आणि मग आपल्या घरी परत येई. या विधीला समावर्तन असे नाव आहे, आणि समावर्तन या शब्दाचा अर्थच मुळी परत येणे असा आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य अध्ययन पुरे केलेल्या शिष्याला जो उपदेश करतात, तो या प्रसंगाला धरूनच आहे. त्यात आईवडिलांचा मान राखण्यास सांगितले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच उपदेशात आचार्य असेही सुचवतात, की आमच्या वागण्यातले जे चांगले असेल तेवढेच घे, बाकीचे सोडून दे. निरोप देणाऱ्याने स्वतःविषयी एवढे मोकळेपणाने बोलावे, हे मला फार मोलाचे वाटते. त्याकडे मी शेवटी पुन्हा येईन.

तूर्त दिशेकडे लक्ष द्या. पूर्वी मूल लहानपणी घर सोडी आणि शिक्षण संपल्यावर घरी येई. आईचे डोळे मुंजीच्या दिवशी भरून येत. समावर्तनाच्या दिवशी तिच्या घरी आनंद असे. आज आपल्याकडे उलट झाले आहे. मूल घरी राहून शिकते आणि पदवी हाती पडली की घर सोडते. आनंद आणि वियोग हे दोन प्रसंग पूर्वी दहाबारा वर्षांच्या अंतराने येत. आता ते एकाच आठवड्यात येतात. पेढे वाटता वाटता आईबाप मध्येच गप्प का होतात, याचे कारण बहुधा हेच असावे.

ही दिशा खानदेशात आपोआप बदललेली नाही. तिला इतिहास आहे आणि तो फार जुनाही नाही. १९४५ पूर्वी आपल्या भागातल्या मुलाने मॅट्रिक होऊन पुढे शिकायचे ठरवले, तर त्याला पुणे, मुंबई, नाशिक अशी वाट धरावी लागे. म्हणजे सोळासतराव्या वर्षीच घर सुटे. १९४४ साली जळगावात खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४५ साली मूळजी जेठा महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी अमळनेरला प्रताप महाविद्यालय निघाले. ज्या प्रतापशेठजींनी त्या गावी गिरणी काढली आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, त्यांचेच नाव या महाविद्यालयाला आहे. पुढे धुळ्यासही महाविद्यालये झाली. चाळीसगावच्या गाडीत पेटी चढवणारा बाप आता आपल्या मुलाला सायकलवरून महाविद्यालयात जाताना पाहू लागला.

तरीसुद्धा पदवीवरची सही दूरचीच होती. आरंभी ती मुंबई विद्यापीठाची असे. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा खानदेश त्याच्याकडे गेला, आणि पुढची चाळीस वर्षे लहानसहान दाखल्यासाठीसुद्धा आपण पुण्याकडे तोंड करून बसलो. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावजवळ उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही शेवटची दूरीही मिटली. धुळे आणि जळगाव हे दोन जिल्हे त्याच्या कक्षेत आले, आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्याच्याच कक्षेत राहिला.

या सनावळीचा आईबापांच्या दृष्टीने अर्थ काय? अर्थ असा, की एकेका संस्थेने आपल्याला आपल्या मुलांची काही वर्षे जास्त दिली. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या बापाला मुलगा सोळा वर्षे मिळे. मला माझी धाकटी एकवीस वर्षे मिळाली. ही पाच वर्षे कोणी दिली? ज्यांनी देणग्या गोळा केल्या, जागा मिळवल्या, भाड्याच्या खोल्यांत वर्ग भरवले, त्यांनी दिली. महाविद्यालय निघाल्याने शिक्षण स्वस्त झाले, मुलींना शिकता आले, हे आपण नेहमी सांगतो. ते खरेच आहे. पण रात्रीचे जेवण मुलांबरोबर आणखी पाच वर्षे झाले, हा लाभ कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो.

ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथल्या छात्रालयाचे काम त्यांनी अंगावर घेतले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. त्यांच्यासाठी गुरुजी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहीत. त्यांच्या आजारपणात उशाशी बसत. हे त्यांना कसे सुचले असेल? ते स्वतः शिक्षणासाठी घरापासून दूर राहिलेले होते, आणि १९१७ साली त्यांची आई गेली तेव्हाही ते दूरच होते. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. ते पुस्तक आपण आईच्या शिकवणुकीसाठी वाचतो. परंतु आईच्या हातून मूल शिक्षणासाठी निसटते आणि परत येईपर्यंत आई उरत नाही, हीही त्या पुस्तकामागची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो, बापाचा पैसा खर्च करतो आणि पदवीवाचून गावी परत येतो. आम्ही तरुणपणी ती वाचली तेव्हा आम्ही सारे पांडुरंगाच्या बाजूने होतो. परवा पुन्हा वाचली तेव्हा मला त्याच्या वडिलांकडे पाहत राहावेसे वाटले. माणूस कोणत्या बाजूने पुस्तक वाचतो, ते बहुधा त्याच्या घरातले शेंडेफळ कितवीत आहे यावर ठरते. त्या बापलेकांमध्ये जी तेढ आहे, ती बऱ्याच अंशी हिशेबाची आहे: किती पाठवले, किती उडवले, आणि हाती काय आले. पैसा पाठवणाऱ्याला वाटते की आपण माया पाठवतो आहोत. घेणाऱ्याला वाटते की आपल्या नावावर कर्ज चढते आहे. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आता माझ्याच घरातला प्रसंग सांगतो. कारण ही चूक इतरांच्या पुस्तकात दाखवून स्वतः सुटणे योग्य नव्हे.

मला हिशेब लिहिण्याची सवय आहे. थोरल्याला बालवाडीत घातले तेव्हा एक लाल कापडी बांधणीची वही आणली होती. तिच्यात तिघांची तीन खाती आहेत. फी, पुस्तके, गणवेश, शिकवणी, बसचा पास, परीक्षेचे शुल्क, सारे तारीखवार आहे. ती वही चाळली तर पंचवीस वर्षांत आमचे घर कोणत्या पंचांगाने चालले ते दिसते. आमचे वर्ष पाडव्याला किंवा एक जानेवारीला सुरू होत नसे; ते जूनमध्ये सुरू होई. दिवाळी म्हणजे दोन सत्रांमधली सुटी. लग्नकार्याला जायचे की नाही ते वेळापत्रक पाहून ठरे. घराला रंग, पत्नीच्या पाटल्या, माझ्या डोळ्यांचे काम, सर्व गोष्टी 'हिचे एवढे होऊ दे' या वाक्याने पुढे ढकललेल्या.

फेब्रुवारीत एके रात्री धाकटीने पुण्याच्या एका एम. एस्सी. प्रवेशाचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "इथे घराजवळ विद्यापीठ असताना पुण्याला कशाला जायचे?" ती काही बोलली नाही. मला वाटले तिला पटले नसावे, म्हणून मी ती लाल वही काढली आणि तिच्या खात्याची बेरीज दाखवली. थट्टेने दाखवली, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. तिने पाने उलटली, बेरजेवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "अण्णा, हे कोणाकडून येणे आहे?"

मला उत्तर देता येईना. पत्नी स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "ती वही आत ठेवा." मी ठेवली, पण झोप आली नाही.

मुलीने प्रश्न हिशेबाच्याच भाषेत विचारला होता, म्हणून मीही हिशेबानेच विचार केला. येणे म्हणजे काय? समोरच्याने मागून घेतले असेल आणि परत देण्याचे कबूल केले असेल, ते येणे. तिने यातले काही मागितले नव्हते आणि कबूल तर काहीच केले नव्हते. मग वही कशाची होती? ती माझ्या कामाची नोंद होती. इतकी वर्षे मी काय केले याचा पुरावा मला हवा होता, आणि तो मी चुकीच्या माणसापुढे बिल म्हणून ठेवला होता.

आपल्याकडे आखाजीला सालदाराचे साल संपते. धनी आणि सालदार बसतात, वर्षाचा हिशेब होतो आणि खाते बंद होते. मग पुढच्या सालाचे बोलणे निघते: राहायचे तर नव्याने ठरवून राहायचे, जायचे तर मोकळेपणाने जायचे. गेल्या सालाचे ओझे पुढच्या सालावर टाकीत नाहीत. शेवटच्या अपत्याची पदवी ही आईबापांची आखाजी होय. येथे पालकपणाचे एक साल संपते. नाते संपत नाही. संपतो तो ठराव, ज्यात एकाने भरायचे, दुसऱ्याने शिकायचे आणि भरणाऱ्याने विचारायचे. पुढचे साल दोघांनी नव्याने ठरवायचे असते, आणि या वेळी दोघेही सज्ञान असतात.

हे ओळखले नाही म्हणजे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक बिल दाखवण्याची; ती मी सांगितली. दुसरी चूक अडवून ठेवण्याची. 'इथे काय कमी आहे' हे तिचे सभ्य रूप. मी गावातल्या संस्थांचा अभिमान पुढे करून मुलीची वाट अडवीत होतो. परंतु १९४५ साली ज्यांनी महाविद्यालये काढली, त्यांनी ती मुलांना गावात कोंडण्यासाठी काढलेली नव्हती. जाणे ही सक्ती असू नये, एवढाच त्यांचा हेतू असणार. पूर्वी ज्याला शिकायचे त्याला जावेच लागे आणि ज्याला जाणे परवडत नसे त्याचे शिक्षण थांबे. आता राहूनही शिकता येते, म्हणून जाणे हे निवडीचे झाले. निवड मिळवून द्यायची आणि मुलाने निवडले की रागवायचे, हे न्यायाचे नव्हे.

शिवाय शिक्षणाचा शेवटचा मुक्कामही आता पूर्वीसारखा एकच राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करून ऑनर्सची पदवी घेता येते. मध्येच थांबावे लागले तर एका वर्षाचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदविका मिळण्याचीही तरतूद आहे. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनंतर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही ही रचना आली. म्हणजे कोठे उतरायचे आणि पुढे कोणती गाडी धरायची, हे ठरवण्याचे प्रसंग मुलांपुढे वाढणार आहेत. प्रत्येक ठिकाणी बाप जर वही घेऊन उभा राहिला, तर त्या सवलतींचा उपयोग काय?

मग मागे उरणाऱ्या दोन माणसांचे काय, असे कोणी विचारील. रिकाम्या घरट्याचे दुःख हा अलीकडे मानसशास्त्राचा विषय झाला आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. कॅलिफोर्नियातल्या काही स्त्रियांच्या आयुष्याचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. मुले घराबाहेर पडल्यावर त्या स्त्रियांचे वैवाहिक समाधान वाढल्याचे त्यात दिसून आले. कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे: पतीबरोबर जास्त वेळ मिळाला म्हणून नव्हे, तर मिळालेला वेळ अधिक सुखाचा गेला म्हणून. तिकडची घरे आणि आपली घरे सारखी नाहीत हे मान्य. तरी पंचवीस वर्षे आम्ही दोघे एकमेकांशी मुख्यतः फीच्या तारखांविषयी बोललो, हे मला त्यावरून उमगले. दुसरे काय बोलायचे ते आता पुन्हा शिकावे लागेल. त्याला परीक्षा नाही, एवढे बरे.

पण पदवीने मुलांवर काहीच देणे चढत नाही काय? चढते असे मला वाटते. फक्त ते पैशाचे नव्हे. हे मला पटले ते धुळ्याच्या रस्त्यावर.

माझी आई धुळ्याला असते. जळगावाहून धुळे सुमारे नव्वद किलोमीटर. शहर सोडले की गिरणेच्या काठी, बांभोरीपाशी विद्यापीठ लागते. मग एरंडोल, पारोळा आणि धुळे. मार्चमधल्या एका रविवारी धाकटी माझ्याबरोबर एस.टी.ने निघाली. विद्यापीठाच्या फाटकावरची पाटी मी आजवर शेकडो वेळा वाचली असेल. त्या दिवशी ती मुलीच्या पदवीच्या नजरेने वाचली. २०१८ पासून विद्यापीठाचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे आहे. म्हणजे माझ्या मुलीच्या पदवीवर ज्या बाईचे नाव छापलेले असेल, तिला लिहिता वाचता येत नव्हते.

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या आणि १९५१ साली जळगावात वारल्या. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि म्हणत. कागदावर उतरवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी जेवढी गाणी टिपून ठेवली, तेवढी उरली. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. तेव्हा आई या जगात नव्हती. मुलाला अक्षर आले नसते, किंवा अक्षर आल्यावर आईचे बोलणे गावंढळ वाटू लागले असते, तर आज त्या विद्यापीठाला ते नाव देताच आले नसते.

आणि आम्ही ज्या गावी निघालो होतो, त्या धुळ्याचीही गोष्ट अशीच आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते भराभर लिहून घेत. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले; घरोघर हिंडून जुने कागद गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्यांचे काम चालवणारे संशोधन मंडळ १९२७ साली धुळ्यातच निघाले. जळगाव काय, धुळे काय, आपल्या भागाची जी मोठी धनदौलत आहे, ती बोलणाऱ्याजवळ कोणीतरी लिहिणारा बसला म्हणून शिल्लक राहिली. शिकलेल्या माणसाने घरी काय करावे, याचे उत्तर खानदेशाने कृतीने दिलेले आहे: त्याने टिपून घ्यावे.

धुळ्याला पोचलो तेव्हा आई बिबड्यांच्या खटाटोपात होती. वय ऐंशीच्या पुढे, तरी ज्वारी किती भिजवायची आणि शिजवलेले पीठ ओल्या फडक्यावर किती पातळ थापायचे, यात ती कोणाचे ऐकत नाही. काम करता करता ती आखाजीच्या झोक्यावरचे गौराईचे गाणे गुणगुणत होती. धाकटीने कान दिला. मग तिने माझ्या पिशवीत हात घातला. आईच्या औषधांचा खर्चही मी त्याच वहीत लिहितो, म्हणून वही बरोबर होती. तिने शेवटची कोरी पाने उघडली आणि म्हणाली, "आजी, पुन्हा म्हण ना. हळू म्हण."

आई अहिराणीत म्हणत गेली आणि ती लिहीत गेली. मध्येच एका शब्दाला ती अडली आणि तिने माझ्याकडे पाहिले. तो शब्द मला ठाऊक नव्हता. दुसऱ्या कडव्यात आणखी दोन निघाले. पन्नास वर्षे ज्या आईचा मी मुलगा आहे, ती काय गाते ते मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. मी पदवीधर आहे. नोकरी लागली, पैसे पाठवले, औषधपाणी केले आणि ऋण फिटले असे समजून राहिलो. माझ्याकडून आईचे जे खरे येणे होते, ते माझी मुलगी भरीत होती.

जेवताना मी आईला पुण्याचे सांगितले. तिने मानही वर केली नाही. "जाऊ दे तिले," ती म्हणाली, "आते पोर मोठी व्हई गयी." आमच्याकडे लेकी घर सोडून जातात आणि आखाजीला माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात आणि पुन्हा जातात, हे तिने जन्मभर पाहिलेले आहे. ती स्वतःही तशीच आलेली. जाण्याचे कारण लग्न असो की शिक्षण, झोका बांधून ठेवणे एवढे मागच्यांचे काम, असा तिचा साधा हिशेब. माझ्या वहीपेक्षा तो पुष्कळ स्वच्छ होता.

श्रोतेहो, आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात सांगतो. शेवटच्या अपत्याच्या पदवीने आईबापांचे भरण्याचे आणि विचारण्याचे साल संपते. ते संपले असे मनाशी स्पष्ट म्हणावे आणि खाते बंद करावे. बेरीज दाखवू नये. दुसरे असे, की मुलाची वाट आपल्या गावाच्या अभिमानाने किंवा आपल्या म्हातारपणाच्या भीतीने अडवू नये. भीती असेल तर ती भीती म्हणून सांगावी. 'तू गेलीस की मला करमणार नाही' हे वाक्य बोलायला जड जाते. परंतु 'इथे काय कमी आहे' यापेक्षा ते अधिक खरे आहे, आणि खऱ्या वाक्याला मुले अधिक चांगले उत्तर देतात. आणि तिसरे, जाण्यापूर्वीचे जे महिनेपंधरा दिवस हाती आहेत, त्यांत त्यांना आपल्याजवळचे सांगावे. उपदेश नव्हे, उपदेश पुष्कळ झाला. घरातले शब्द, शेताच्या बांधाची हकीकत, आजीची गाणी, आणि आपल्या हातून काय चुकले तेही. उपनिषदातल्या आचार्यांनी शिष्याला आमचे तेवढे चांगले घे म्हटले, तेव्हा आपले सारेच चांगले नाही, हे त्यांनी आधी कबूल केले होते. एवढे कबूल करण्याला शेंडेफळाच्या पदवीसारखा दुसरा मुहूर्त नाही.

पुण्याचा अर्ज गेला आहे. प्रवेश मिळेल किंवा मिळणार नाही. ते तिच्या गुणांवर. ती लाल वही मी तिला देऊन टाकली आहे. पुढची पाने तिची आहेत. मागची तीन खाती तिने फाडली नाहीत. बेरजेखाली मात्र माझ्याकडून एक रेघ मारून घेतली, आणि 'खाते पुरे' असे माझ्याच हाताने लिहवून घेतले. अक्षर जरा वाकडे आले आहे.